वेलाचेरीचं इंग्रजी

चेन्नईला राहायला आले तेव्हा धास्ती तमिळची होती, इंग्रजीची नव्हती. शिक्षण मराठी माध्यमात झालं असलं तरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात होती. वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करायचं, टिंबाने संपवायचं, प्रश्न असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं, एवढं पक्कं होतं. वेलाचेरीतल्या आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॅप गटात मला घेतलं आणि पहिलाच निरोप वाचला, 'वॉटर लॉरी टुडे आ'. सगळी अक्षरं लहान, क्रियापद नाही, प्रश्नचिन्ह नाही. तरी मिनिटभरात उत्तरं आली. टँकर दुपारी येणार हे सगळ्यांना कळलं होतं. मला मात्र कोणी काही विचारलंय, हेच कळलं नव्हतं.

शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मला आंटी म्हणते. तिला विचारलं. ती म्हणाली, तमिळमध्ये शब्दाच्या शेवटी 'आ' जोडला की प्रश्न होतो. तोच 'आ' रोमन लिपीत इंग्रजी शब्दांमागे येतो, मग चिन्ह कशाला हवं? सोपं वाटलं. मी प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'आ' लावायला लागले. तेव्हा तिने पुढचा धडा दिला. 'आ' वाक्याला नाही, ज्या शब्दाबद्दल शंका आहे त्याला लागतो. 'टुमॉरो आ मीटिंग' म्हणजे मीटिंग आहे हे ठाऊक आहे, उद्याच आहे का ते सांगा. 'मीटिंग आ टुमॉरो' म्हणजे उद्या काहीतरी आहे, ती मीटिंगच का? मी थक्क झाले. प्रश्नचिन्ह बिचारं वाक्याच्या टोकाला उभं राहतं आणि सगळ्या वाक्यावरच शंका घेतं. नेमकी शंका कुठे आहे ते त्याला दाखवता येत नाही. ज्याला मी व्याकरणाचा अभाव समजत होते, ते जास्तीचं व्याकरण निघालं.

'ओन्ली'चंही तसंच. 'वी ओन्ली पेड' असं कुणी लिहिलं की मी 'आम्ही फक्त पैसे भरले' असं वाचत होते आणि पुढे काय राहिलं ते शोधत होते. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, 'आम्हीच पैसे भरले.' तमिळमधला 'दान' आपल्या 'च'सारखा शब्दाला चिकटतो, आणि 'ओन्ली' त्याची जागा घेतो. हे कळल्यावर जुन्या निरोपांतली कितीतरी वाक्यं मी पुन्हा वाचली. आता ती सरळ मराठीसारखी वाचता येत होती.

खरी अडचण टिंबाची झाली. त्या मुलीने कुरियर घेऊन ठेवल्याचं कळवलं, मी 'ओके' लिहून पूर्णविराम दिला. लगेच तिचा निरोप: 'आंटी अँग्री आ'. राग कसला? मी तर नीट लिहिलं होतं. तिच्या पिढीसाठी निरोप पाठवण्याचं बटण दाबलं तिथेच वाक्य संपतं. त्यानंतरही कुणी मुद्दाम टिंब ठेवलं, तर त्याचा काही अर्थ असणारच. म्हणजे विषय संपला, पुढे बोलू नका. मला ही पोरांची कल्पना वाटली. पण अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली १२६ विद्यार्थ्यांवर हेच तपासलं आहे. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं की ते कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक पडला नाही. माझी सवय चिठ्ठीची होती.

ओळीने तीन-चार टिंबं द्यायचीही मला सवय आहे, दोन विचारांमध्ये श्वास घ्यावा तशी. मुलगी म्हणाली, ते वाचून वाटतं तुम्ही काहीतरी लपवताय. कॅनडाच्या भाषाभ्यासक ग्रेचेन मॅककलक यांच्या २०१९च्या 'बिकॉज इंटरनेट' या पुस्तकात या पिढ्यांमधल्या फरकावर लिहिलं आहे. पोस्टकार्डावर लिहिणारे लोक अशी टिंबं सर्रास वापरत. जागा कमी, नवी ओळ परवडत नाही, म्हणून टिंबं. हे वाचून मला बरं वाटलं.

मग हे टिंब आलं तरी कुठून, याचा शोध घेतला. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हंही नसत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठे राजांच्या काळातल्या मोडी कागदांचे रुमाल आहेत. राज्यकारभार तसाच चालला. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनीच पुरा केला. तमिळ गद्यात हेच श्रेय जाफनाच्या आरुमुग नावलर यांना देतात, आणि त्यांनी चेन्नईतही छापखाना चालवला होता. त्याआधी ताडपत्रावर लिहिताना व्यंजनावरचं टिंब, म्हणजे पुळ्ळी, बहुतेक गाळत, कारण लोखंडी लेखणीने टिंब टोचलं की पान फाटायचं. वाचणारा आपल्या समजुतीने शब्द पुरा करी. शाळेत जो नियम मी सनातन म्हणून शिकले, तो मराठीत आणि तमिळमध्ये एकाच शतकात, एकाच इंग्रजी छपाईच्या वाटेने आला होता.

आता मी माणूस पाहून लिहिते. मुलीला टिंबाविना. आमच्या गटात एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते प्रत्येक निरोप स्वल्पविरामासकट लिहितात, त्यांना टिंबासकट. आदर दाखवायचा तर तमिळमध्ये शब्दाला 'ंगा' लागतो, 'सरि'चं 'सरिंगा', आणि इंग्रजीलाही तो चालतो. परवा लिफ्टच्या दुरुस्तीची वेळ त्यांनी शिस्तशीर इंग्रजीत कळवली. मी धीर करून 'ओकेंगा' असं लिहिलं, टिंब न देता. त्यांचं उत्तर आलं, सगळी अक्षरं लहान, चिन्ह एकही नाही: 'टॅमिल लर्निंग आ'.