कष्टाची माय, करुणेची माय

आमची माय गेली त्याला आता वर्ष झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतली माणसे एकेक करून उठली आणि तिच्याविषयी बोलली. तेव्हा आम्हा चौघा भावंडांना कळले की, वस्तीची माय आमच्या मायपेक्षा कितीतरी मोठी होती. म्हणून हे चार शब्द.

माय कामठीची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा ती सहा वर्षांची. बापाच्या खांद्यावर बसून तिने तो सोहळा पाहिला. "माणसंच माणसं, अन् सारे पांढरे," एवढेच ती सांगायची. शाळा दुसरीपर्यंत. नवव्या वर्षी विड्यांचे सूप मांडीवर आले, ते साठी उलटेपर्यंत उतरले नाही.

विडीचे काम दिसायला बैठे, पण कंबर मोडणारे. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कापायची, जर्दा भरून वळायचे, तोंड मोडून दोरा बांधायचा. हजार विड्यांसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत हात चालायचे. ठेकेदार त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे नाहीत आणि त्या विड्याही परत नाहीत. वडील १९८९ साली वारले, तेव्हा धाकटी बहीण दोन वर्षांची. त्यानंतरही आमची चूल पेटत राहिली, ती त्या सुपाच्या जोरावर.

शेजारची एक बाई विधवा झाली. तिला कोणी माल देईना. माय आपल्या वाट्याची अर्धी पाने तिला द्यायची, दोघींच्या विड्या एकत्र मोजून द्यायची आणि पैसे वाटून घ्यायची. आम्ही कुरकुर केली की म्हणायची, "तिचे लेकरं उपाशी झोपले तर मले भाकर गोड लागन का?" त्या बाईची मुले आज नोकरीला आहेत. पुण्यानुमोदनाला सर्वांत जास्त तीच रडली.

याच कामठीत बाबू हरदास एल. एन. यांनी विडी मजुरांना संघटित केले होते. पुढे १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली. १९७७ साली भविष्य निर्वाह निधीही या धंद्याला लागू झाला. पण मायचे नाव ठेकेदाराच्या वहीत कधी चढलेच नाही. पन्नास वर्षे राबून ना फंड, ना पेन्शन. कायदा होता, कागद नव्हता.

तरीही तिने आम्हाला शिकवले. एकाला बी. कॉम. केले, एक बहीण अंगणवाडीत लागली. नातवंडांची तर ती आजी कमी, मैत्रीण जास्त. थोरल्या नातीने तिला पाटीवर सही शिकवली आणि साठाव्या वर्षी मायने बँकेत अंगठा लावायचे सोडले. त्याच नातीच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी मायच्या डब्यातून निघाली. फी हातात देताना एकच सांगितले, "पोरी, पेशंटले उठवतानी जोरानं वढू नको. त्याचं आंग दुखते."

बंधू-भगिनींनो, विहारात आपण करुणेवर प्रवचने ऐकतो. आम्ही ती सुपाशेजारी बसून पाहिली. आपल्याही घरात अशी माय, अशी आजी असेल. तिच्या फोटोला हार घालण्याची वेळ येण्याआधी दोन कामे करा. एक, तिच्याजवळ बसून तिच्या कष्टाची हकिकत लिहून ठेवा. दुसरे, घरात वा शेजारी कोणी बाई घरी बसून मजुरी करीत असेल, तर तिचे नाव मालकाच्या वहीत आहे की नाही ते पाहा. नसेल तर चारजणींना सोबत घेऊन मागा. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणीही सुरू झाली आहे. तिचे वय साठीच्या आत असेल, तर तीही करून द्या. अर्ज भरायला अर्धा तास लागतो. आमच्या मायला तो अर्धा तास कोणी दिला नाही.

जयभीम!