नाद कशाचा, ते आधी लिहा

कृषी पदवीचे शेवटचे वर्ष आले की शेतकऱ्याच्या घरात एक नवी चर्चा सुरू होते. आमच्या वेळी ती फक्त नोकरीची असे. आता तीत ‘एम.बी.ए.’ची भर पडली आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठांतून बाहेर पडलेली काही मुले स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतात, काही बी-बियाण्यांच्या कंपनीत चिकटतात आणि थोडी व्यवस्थापनाच्या शिक्षणाकडे वळतात. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. पिकावरच्या रोगाची चौकशी करायला आलेली माणसे हल्ली जाता जाता मुलाचा अर्जही पुढे करतात. ‘साहेब, तुम्हीही शेतकीचेच बी.एस्सी. पोराला दोन शब्द सांगा,’ असे म्हणतात. या अनुभवातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या बहुतेक नावाजलेल्या संस्थांत शिरावयाचे तर ‘कॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. ती गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होत आली आहे. दोन तासांत इंग्रजीचे आकलन, माहिती व तर्क आणि गणित असे तीन विभाग सोडवायचे. तिचा अभ्यास मुले घड्याळ लावून, नेटाने करतात. अडतात ती त्यानंतर. संस्थेच्या अर्जात आणि पुढे मुलाखतीत दोन प्रश्न येतात. तुम्हाला मनापासून ओढ कशाची आहे? आणि पुढे तुम्हाला काय करावयाचे आहे? गणित चुकले तर मुलगा ते पुन्हा सोडवतो. या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र तो दुसऱ्याची उतरवून काढतो.

डिसेंबर २०२४ मध्ये निफाड तालुक्यातील एका गावची मुलगी असाच अर्ज घेऊन माझ्याकडे आली. घरी चार एकर जमीन, तीत मुख्य पीक उन्हाळी कांदा. तिने इंग्रजीत लिहिले होते त्याचा अर्थ असा, की मला लहानपणापासून शेतीची अतोनात आवड असून शेतकऱ्यांचे जीवनमान उंचावणे हे माझे ध्येय आहे. शुद्धलेखन बिनचूक होते. मी तिला एवढेच विचारले, ‘बाळ, हेच वाक्य तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या अर्जात घातले तर कोणाला फरक कळेल का?’ ती हसली. म्हणाली, ‘सर, आमच्या पाच जणांच्या अर्जात हेच आहे. शिकवणीवाल्यांनी नमुना दिलाय.’

घरचे ज्याला नाद म्हणतात

इंग्रजीतल्या ‘पॅशन’ या शब्दाचे भाषांतर मुले ‘आवड’ असे करतात आणि तेथेच गाडी रुतते. आवड भरल्या वांग्याचीही असते. आपल्या खेड्यात त्याला अधिक जवळचा शब्द आहे, तो म्हणजे ‘नाद’. कोणाला बैलांचा नाद, कोणाला भजनाचा, कोणाला पाण्याची मोटार खोलून पुन्हा जोडण्याचा. कोणी सांगितलेले नसते, पैसा मिळत नसतो, वर घरच्यांची बोलणी खावी लागतात, तरी माणूस जे करीत राहतो त्याला आपण नाद म्हणतो. गंमत अशी, की आपला नाद कोणता हे मुलाला स्वतःला पुष्कळदा उमगलेले नसते. घरच्यांना मात्र ते पक्के ठाऊक असते.

मी राहुरीला शिकत असताना आमची शिवारफेरी निघे. बाकीची मुले प्रयोगाचे वाफे मोजीत आणि मी गड्यांशी, शेतकऱ्यांशी गप्पा मारीत मागे राही. आमचे एक प्राध्यापक म्हणाले, ‘तू विस्ताराचा माणूस आहेस.’ तोवर मला तसे कधी वाटलेही नव्हते.

म्हणून त्या मुलीच्या घरी गेलो तेव्हा मी प्रश्न तिच्या आजीला विचारला. ‘आजी, ही पोर कशावरून बोलणी खाते?’ आजी म्हणाली, ‘त्या वहीवरून. चाळीत कांदा निवडायला बसली की हात कमी चालतो आन् पेन जास्त. कसला मेला नाद लागलाय!’

वही आणवली. २०२० साली टाळेबंदीत कॉलेज बंद पडले तेव्हा सुरू केलेली. चाळीत किती क्विंटल कांदा भरला, दर निवडीला किती सडका निघाला, किती कोंब फुटलेला निघाला, विकायला काढला तेव्हा वजन किती भरले आणि त्या दिवशी लासलगावला काय भाव होता, असे पाच हंगामांचे रकाने. शेवटच्या रकान्यात तिचा स्वतःचा हिशेब: घट आणि सड वजा जाता कोणत्या आठवड्यात माल काढला असता तर घरात जास्त पैसे आले असते? एका पानावर चाळीच्या मधल्या कप्प्याची सड आणि कडेच्या कप्प्याची सड वेगवेगळी मांडलेली. वसतिगृहावर असताना ती आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोन करून आकडे विचारी. आप्पा आधी कुरकुरले, मग वजनकाट्याच्या पावतीचा फोटो मोबाइलवर पाठवू लागले.

मी तिला म्हटले, ‘शिकवणीचा कागद बाजूला ठेव. ही वही का सुरू केलीस आणि तीतून काय कळले, एवढेच लिही.’

लक्ष्यांक आणि ध्येय

आम्हा सरकारी नोकरांना लक्ष्यांक हा शब्द पाठ असतो. इतक्या हेक्टरवर ठिबक, इतकी शेततळी, इतक्या शेतीशाळा. आकडा वरून येतो. मुलांचे ध्येयही बहुधा असेच वरून आलेले असते. वडिलांना वाटते मोठ्या कंपनीत अधिकारी व्हावे, मामांना वाटते स्वतःचा धंदा काढावा, शिकवणीवाल्यांना वाटते ग्रामीण भारताचा कायापालट करावा. मुलाखत घेणारा विचारतो, ‘ठीक आहे, पण त्यासाठी कामावरच्या पहिल्या महिन्यात तुम्ही नेमके काय कराल?’ आणि मुलगा गप्प होतो.

पीक ठरवताना आपण जमीन, पाणी आणि बाजार पाहतो. ध्येय ठरवतानाही तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोणाची कोणती अडचण तुम्हाला सोडवावीशी वाटते? गाव, पीक, माणसे यांसह सांगा. दुसरी, ती सोडवायला आज तुम्हाला काय येत नाही? तिसरी, ते शिकून आल्यावर पहिली पाच वर्षे तुम्हाला पगार कोण देईल आणि कोणत्या कामाचा?

त्या मुलीची उत्तरे सांगतो. पहिले, भाव जरा चढला की गावातल्या सगळ्या चाळी एकाच आठवड्यात रिकाम्या होतात आणि भाव पडतो. सड वाढेल या भीतीने कोणी थांबत नाही. दुसरे, एका घराचा हिशेब मला जमतो. तीनशे घरांचा माल एकत्र साठवायचा तर भांडवल, मालतारण कर्ज, गोदामाचा खर्च, लांबच्या खरेदीदाराशी करार यांतले मला काही येत नाही. पदवीत कांदा पिकवायला शिकले, हे शिकले नाही. हे दुसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. व्यवस्थापनाचे शिक्षण कशासाठी हवे, त्याचे कारण यातच असते.

तिसऱ्या उत्तराला तिला आठवडा लागला. शेतकरी उत्पादक कंपन्यांची वाट कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा १०,००० संस्था उभ्या करण्याची योजना आणली आणि सुरुवातीची तीन वर्षे व्यवस्थापनाच्या खर्चाला हातभार देऊ केला. पण कंपनी नोंदवणे वेगळे आणि चालवणे वेगळे. तीन वर्षांनंतर लहान कंपनीला चांगल्या व्यवस्थापकाचा पगार झेपेलच असे नाही. हे तिनेच हिशेब करून काढले. म्हणून तिने लिहिले, की पहिली पाच वर्षे साठवण किंवा प्रक्रिया करणाऱ्या मोठ्या उद्योगात, नाहीतर बँकेच्या शेतीकर्ज विभागात काम करीन, शैक्षणिक कर्ज फेडीन आणि मग कांदा उत्पादकांच्या कंपनीत येईन. आधी लिहिलेल्या वाक्यापेक्षा हे साधे दिसते, पण ते तिच्याखेरीज कोणालाही लिहिता आले नसते.

नाद सापडत नसेल तर

‘मला तर कशाचाच नाद नाही,’ असे म्हणणारी मुलेही येतात. त्यांनी घाबरू नये आणि खोटेही लिहू नये. डॉ. व्हर्गीस कुरियन यांचे उदाहरण पाहा. ते मूळचे यंत्र अभियंते. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आले आणि करारापोटी १९४९ मध्ये आणंदच्या सरकारी दुग्धशाळेत नोकरीला जाणे त्यांना भाग पडले. तेथे त्यांचे मन रमत नव्हते, सुटका होण्याची ते वाट पाहत होते. शेजारीच त्रिभुवनदास पटेल यांचा खेडा जिल्ह्याचा दूध संघ होता. त्याच्या जुन्या यंत्रांची डागडुजी करता करता कुरियन त्या कामात गुंतले आणि जाण्याची वेळ आली तेव्हा त्रिभुवनदासांच्या आग्रहाने थांबले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ओढ ही अशी कामात पडल्यावरही लागते. तेव्हा मुलांनी एखादा हंगाम दूध संकलन केंद्रावर, बाजार समितीत, कृषी सेवा केंद्रात खरेखुरे काम करून पाहावे आणि मग अर्ज लिहावा.

कधी या तीन प्रश्नांतून वेगळेच निघते. शेजारच्या गावचा एक मुलगा असाच आला होता. त्याचा नाद रोपे तयार करण्याचा. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे काय येत नाही याला, तो म्हणाला, ‘हिशेब लिहिणे आणि उधारी वसूल करणे.’ त्यासाठी दोन वर्षे आणि काही लाख रुपये घालवण्याची गरज नव्हती. त्याने भाजीपाल्याची रोपवाटिका काढली, चुलतभावाकडून हिशेब शिकला. तोही निर्णय मला चांगलाच वाटतो.

संस्था ध्येयावरून निवडावी

मुले आधी संस्थेचे नाव धरतात आणि मग त्याला साजेसे ध्येय शोधतात. क्रम उलटा हवा. कुरियन यांनीच १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची ‘इर्मा’ ही संस्था काढली. तेथे विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करावे लागते. २०२५ मध्ये तेथेच त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. हैदराबादच्या ‘मॅनेज’मध्ये शेती व संलग्न विषयांच्या पदवीधरांसाठी कृषी व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुण्याची वैकुंठ मेहता संस्था सहकाराची म्हणून ओळखली जाते. अहमदाबादच्या आय.आय.एम.मध्ये अन्न व कृषी व्यवसायाचा अभ्यासक्रम आहे. सहकारात काम करायचे की बँकेत, की अन्नप्रक्रियेत, हे ठरले की कोठे अर्ज करावा ते आपोआप ठरते.

आमच्या मुलीला दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावले. एका ठिकाणी नाव लागले नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी विचारले, ‘८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली. तशी पुन्हा आली तर तुमचे सगळे गणित कोसळेल ना?’ तिने सावकाश इंग्रजीत सांगितले, ‘तो आठवडा माझ्या वहीत आहे, भाव कसा पडला ते मी लिहिले आहे. बंदी माझ्या हातात नाही. चाळीतली सड कमी करणे आणि सगळा माल एका दिवशी बाजारात न नेणे, एवढे हातात आहे. तेच शिकायला आले आहे.’ तेथे तिला प्रवेश मिळाला.

थोडे वडीलधाऱ्यांसाठी

प्रवेशाचे पत्र आले त्या रात्री आप्पा माझ्याकडे आले होते. कर्जाची काळजी होतीच. मी त्यांना समजावले, की शैक्षणिक कर्जाचा हप्ता सामान्यतः शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज आधीपासून चढत असते, ते शक्य तर मधूनमधून भरत जावे. त्यांचा खरा प्रश्न निराळाच होता. ‘साहेब, एवढे करून पोरगी गावाकडे परत येईल का?’

मी म्हटले, ‘नाना, हे तिलाच विचारा.’ त्यांनी विचारले. ती म्हणाली, ‘आप्पा, येईनच असे वचन मी देत नाही. यायची इच्छा आहे, म्हणून तसे लिहिले आहे.’ आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बँकेच्या कागदांवर सही करायला मात्र स्वतः गेले.

पालकांना माझी विनंती एवढीच, की मुलाच्या अर्जात आपले ध्येय घालू नका आणि अर्जातल्या ओळीची शपथ करून त्याच्या गळ्यात बांधू नका. आज त्याला जे दिसते आहे ते त्याने खरेपणाने लिहावे. शिकताना ते बदलेल, बदलू द्यावे. तुमच्याकडे एक काम मात्र नक्की आहे. अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी, जेवणे आटोपल्यावर, घरातल्या प्रत्येकाने त्या मुलाला किंवा मुलीला सांगावे, की आम्ही तुला कोणत्या नादावरून रागावत आलो. ते सारे एका कागदावर लिहून घ्यावे आणि अर्ज त्यापुढे ठेवून भरावा.