कुसळ

धर्मगुरूला छंद असावा की नसावा, यावर आमच्या सेमिनरीच्या दिवसांत पुष्कळ वाद होई. आम्हांला मात्र दोन छंद जडले आणि तेही एकमेकांत गुंतलेले : बुटके निवडुंग वाढविणे आणि त्यांची छायाचित्रे काढणे. धर्मगुरुनिवासाच्या पूर्वेकडील ओट्यावर आमच्या सात कुंड्या आहेत. त्यांतील सर्वांत आवडते झाड मूळचे मेक्सिकोचे. शास्त्रात त्याला ओपन्शिया मायक्रोडेसिस म्हणतात. गुडघ्याएवढे वाढणारे, चपट्या लंबगोल फडांचे हे झुडूप. हे फड पानांसारखे दिसतात. वस्तुतः ती खोडेच होत. खरी पाने इवलीशी असतात आणि लवकरच गळून जातात.

या झाडाला लांब काटे नाहीत. फडांवर ठिपक्याठिपक्यांनी सोनेरी मखमल दिसते, पण ती मखमल म्हणजे उलट्या दात्यांची असंख्य सूक्ष्म कुसळे. बोट लागताच ती त्वचेत शिरतात आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे कित्येक दिवस सलत राहतात. गुरांच्या डोळ्यांत ती गेली तर दृष्टी जाते, म्हणून मेक्सिकोत या झाडाला ‘आंधळे करणारा निवडुंग’ असे नाव आहे. कुसळाचा आणि मुसळाचा प्रभूचा दाखला आम्ही अनेकदा प्रवचनातून समजावून दिला आहे. आम्हांला तो समजला, तो याच झाडामुळे.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त मास्तर होते. रविवारच्या मिस्सानंतर ते ओट्याशी थांबत. एकदा त्यांनी विचारले, “फादर, प्रभूचा काट्यांचा मुकुट याच झाडाचा का हो?” आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांची समजूत दुरुस्त केली. निवडुंगाचे हे कुळ अमेरिका खंडातले. १४९२ नंतर ते समुद्रापलीकडे पसरले. आपल्या बांधांवरचा फड्या निवडुंगही तिकडचाच. पवित्र भूमीत आज तो दिसतो, पण प्रभूच्या काळी तेथे नव्हता. मास्तरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “झाड कुठलंही असू द्या फादर, टोचणं तेच.”

झाड बुटके असल्यामुळे त्याचे छायाचित्र उभ्याने नीट येत नाही. गुडघे टेकून, कधी पालथे पडून कॅमेरा फडांच्या पातळीवर आणावा लागतो. ऊन झाडाच्या मागून असले की प्रत्येक कुसळ उजळते. फूल पिवळे, रेशमी. ते साधारण एकच दिवस टिकते आणि कुंडीतल्या झाडाला तर क्वचितच येते. आमच्या झाडाला चार वर्षांनी कळी धरली, ती उपवासकाळात. एका मंगळवारी सकाळी ऊन चढू लागले आणि कळी उमलू लागली. आम्ही ओट्यावर गुडघे टेकून बसलो होतो. तेवढ्यात मास्तरांचा नातू सायकलवरून आला. “आजोबांना बरं नाही. तुम्हांला बोलावलंय.”

“तू पुढे हो, आम्ही आलोच,” आम्ही म्हणालो.

आम्ही अर्ध्या तासाने निघालो. मास्तर बरेच दिवस आजारी होते, असे बोलावणे पूर्वीही दोनदा आले होते, अशी कारणे आम्ही वाटेत स्वतःला देत होतो. घरी पोहोचलो तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती. “आत्ताआत्तापर्यंत विचारत होते, फादर आले का,” सूनबाई म्हणाल्या. आम्ही तैलाभ्यंग केला; शुद्ध नसलेल्यालाही तो संस्कार देता येतो. परंतु त्यांना जे बोलायचे होते ते राहूनच गेले. संध्याकाळी मास्तर गेले.

छायाचित्र उत्तम आले आहे. आम्ही ते कोणाला दाखविलेले नाही.

महिन्याच्या मिस्सानंतर सूनबाई ओट्यावर आल्या. आम्ही त्यांना त्या अर्ध्या तासाविषयी सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बाबा वाट पाहत होते, फादर. ते खरंच आहे.” त्यांनी आमचे सांत्वन केले नाही, दोषही दिला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, “या झाडाचा एक फड द्याल? त्यांना आवडायचं हे.”

चिमट्याने धरून आम्ही एक फड तोडून दिला आणि बजावले : लगेच मातीत लावू नका. सावलीत आठदहा दिवस राहू द्या, जखम सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत गेली तर फड कुजतो. नंतर निम्मी जाडी वाळू घालून लावा, पाणी बेताने द्या.

हे सांगताना आमचाच आवाज आम्हांला परका वाटला. क्षमेची घाई आम्हांलाच झाली होती; त्या माउलीला नव्हती.

आता फड रुजला आहे. त्यांच्या अंगणात तुळशीएवढ्या कुंडीत तो उभा आहे आणि त्याला दोन कोवळे कान फुटले आहेत. आमच्या झाडाला पुन्हा कळी आलेली नाही. येईल तेव्हा कॅमेरा हाती घेऊच. पण दारात सायकल थांबली, तर फूल तिथेच राहील. कुसळ अजून बोटात आहे. ते निघावे अशी प्रार्थना आम्ही अद्याप केलेली नाही.