देवगांडुळाची गोष्ट

नावाआधी ‘देव’ लागला की समजावं, याचं काही खरं नाही. देवमाशाची शिकार झाली, देवमाणसाकडे सगळे उसने पैसे मागतात आणि देवगांडूळ दिसलं की लोक काठी शोधतात.

काठी शोधण्याचं कारण एकच, ओळख पटत नाही. आमच्या बँकेत सही जुळली नाही की चेक परत जातो. इथे तर काहीच जुळत नाही. अंगावरची वळी गांडुळाची, वळवळ सापाची आणि नातं विचाराल तर चक्क बेडकाशी! हा प्राणी उभयचर आहे. गांडुळाला नसतो तो कणा याला आहे, शिवाय तोंडात दात आहेत.

पाय मात्र नाहीत. पूर्वी होते. सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या याच्या एका नातेवाइकाचे जीवाश्म अमेरिकेतल्या ॲरिझोनात सापडले. त्याला इवले इवले का होईना, पाय होते. पुढे मंडळींनी जमिनीखाली बिऱ्हाड थाटलं आणि वापरात नसलेलं ते खातं निसर्गाने बंद करून टाकलं. डोळेही अगदी नावापुरतेच उरले.

आपल्या सह्याद्रीतही ही मंडळी राहतात. खंडाळ्याच्या एका जातीला एडवर्ड टेलर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने 1960 साली नाव दिलं. आंबोलीच्या जातीचं बारसं व्हायला 2003 उजाडलं. तोवर आपण तिथे धबधबे बघत होतो, भजी खात होतो आणि हे कुटुंब पायाखाली निमूटपणे संसार करत होतं.

संसार तरी कसला! ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी आईचे उपकार फिटणार नाहीत,’ असं आपण भाषणात म्हणतो आणि घरी आल्यावर तिलाच चहा टाकायला सांगतो. केनियातल्या तैता टेकड्यांवरच्या एका जातीत व्यवहार उलटा आहे. तिथे आईच आपली कातडी पिल्लांना खाऊ घालते. पिल्लं दातांनी वरचा थर खरवडून खातात, आई शांत पडून राहते, मग तो थर पुन्हा येतो आणि पिल्लं पुन्हा जेवायला बसतात. 2006 साली शास्त्रज्ञांनी हे जगापुढे मांडलं. ब्राझीलमधली एक आई तर अंड्यातून निघालेल्या पिल्लांना दुधासारखा पदार्थ पाजते, असं 2024 मध्ये कळलं.

तेव्हा पावसाळ्यात अंगणात असं काही वळवळलं, तर काठी राहू द्या. जरा लांबून बघा. ते आपणहून मातीत निघून जाईल. इतक्या मुकाट्याने निघून जाणारा पाहुणा आमच्या घरी तरी अजून आलेला नाही.