आत्याला हवा होता न रुसणारा कॉम्प्युटर

घरातला कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला की दोष आधी वापरणाऱ्याच्या माथी येतो. त्यातून वापरणारी व्यक्ती अडुसष्ट वर्षांची असेल तर बघायलाच नको. "तुम्ही काहीतरी भलतंच बटण दाबलं असेल," हे वाक्य माझ्या बडोद्याच्या आत्याने सून, शेजारी आणि दुरुस्तीला येणारा मुलगा अशा सगळ्यांच्या तोंडून ऐकले होते.

आत्या निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यावर तिने भाषांतराचे काम धरले. बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून मराठी घराणी आहेत. त्यांची मृत्युपत्रे, वाटणीपत्रे मराठीत आणि वकिलांना ती हवी असतात गुजरातीत. पानामागे पैसे मिळतात. फार नसतात, पण तिचे स्वतःचे असतात. अशाच एका वाटणीपत्राच्या वेळी कॉम्प्युटर तीनदा गोठला, चार पाने गेली आणि आत्याने ती रात्री जागून हाताने लिहून काढली. बंगळूरचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे कर ना. कशाला हवाय हा व्याप?" आत्याही काम सोडण्याच्या बेताला आली होती. तेव्हा मी दिल्लीहून रजा काढून गेले.

दुरुस्तीच्या मुलाने दोनदा विंडोज पुसून नव्याने घातले होते, दोन्ही वेळा पैसे घेऊन. पंधरवड्याने पुन्हा तेच. मी एका जुन्या, अनुभवी कारागिराला बोलावले. त्याने आधी मेमरीची पट्टी बदलून पाहिली, मग वीजपुरवठ्याची पेटी म्हणजे एसएमपीएस बदलून पाहिला. तरीही यंत्र गोठलेच. उरला २०१६ सालचा मदरबोर्ड. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पंखा, सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारी ही पाटी. नावात मदर आहे ते उगाच नाही. ती आजारी पडेपर्यंत तिची चौकशी कोणी करत नाही.

आता नवा बोर्ड कोणता घ्यायचा? आतेभावाने रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या, गेम खेळणाऱ्यांसाठीच्या महागड्या बोर्डाचे आणि त्यावर चौदाव्या पिढीच्या जोरदार प्रोसेसरचे चित्र पाठवले. दुकानदाराचा सल्ला अगदी उलट : जुन्याच प्रोसेसरला चालेल असा वापरलेला बोर्ड घ्या, स्वस्तात काम होईल.

दुकानदाराचा सल्ला मोहाचा होता, पण त्यात मेख अशी की विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आत्याचा होता सहाव्या पिढीचा. वकिलांचे कागद ईमेलने येतात, बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होतात. तिथे सुरक्षेची डागडुजी बंद होत चाललेली प्रणाली ठेवणे मला पटेना. शिवाय वापरलेला बोर्ड आधी कोणाकडे किती तापला, हे कोण सांगणार?

आणि आतेभावाचे चित्र? इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही जोरदार प्रोसेसर अकारण कोलमडत होते. जुलै २०२४ मध्ये कंपनीने कारण सांगितले : प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. मग दुरुस्तीचे मायक्रोकोड आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. आज तो प्रश्न बराचसा सुटला आहे. पण पाने टाईप करणाऱ्या बाईला मुळात एवढा दमदार घोडा कशाला?

स्थिर बोर्ड असे खोक्यावर कुठे छापलेले नसते. ते कंटाळवाण्या खुणांवरून ओळखावे लागते. एक खूण मात्र छापतात, घन कॅपॅसिटर. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसवले गेले. ते फुगत, गळत आणि चांगली यंत्रे बंद पडत. पुढे घन कॅपॅसिटर सर्रास झाले. आता ते न छापणारा बोर्डही बहुधा तेच वापरतो, म्हणून तेवढ्यावर भाळू नये. त्यापेक्षा मी पाहिले ते असे : बोर्ड नामांकित कंपनीचा आहे ना, तो चार वर्षे बाजारात असून त्याच्या सुरुवातीच्या खोडी निस्तरल्या गेल्या आहेत ना, आणि तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी बडोद्यातच कोणी दाद देणार आहे ना. नेहरू प्लेसला हाच बोर्ड थोडा स्वस्त पडला असता. पण तो बिघडला तर आत्याने दिल्लीला यायचे का?

शेवटी ठरला एच६१० चिपसेटचा साधा बोर्ड, दोनच मेमरी खाचांचा, एकही दिवा नसलेला. त्यावर बाराव्या पिढीचा आय३-१२१०० प्रोसेसर. या जातीचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही मेमरींसाठी मिळतात आणि एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसतच नाही. म्हणून खोका नीट वाचून डीडीआर४ चा घेतला. आत्याची आठ जीबीची जुनी पट्टी त्यात चालली. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे भडकले आहेत की ही बचत लहान नव्हे. जुनी पेटीही तशीच राहिली, कारण स्क्रूची छिद्रे जिथल्या तिथे असतात. हे मोजमाप १९९० च्या दशकात ठरले आणि अजून टिकून आहे.

खरे तर माझे काम इथे संपायचे. पण बोर्ड बसवताना कारागिराचे लक्ष टेबलाखाली गेले. तिथे देवघरातला असावा तसा लाकडी पाट होता.

"हा इथे कशाला?" मी विचारले.

"पाय ठेवायला. नाहीतर डब्याला हात लागला की मुंग्या येतात," आत्या सहज म्हणाली. "कितीतरी वर्षं येतात."

कारागिराने टेस्टर काढला. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती! एसएमपीएसमधल्या गाळणीतून थोडी वीज पेटीच्या पत्र्याकडे झिरपते. अर्थिंग असले तर ती जमिनीत जाते, नसले तर हात लावणाऱ्याकडे येते. जुना बोर्ड त्यामुळेच गेला असे मी म्हणणार नाही. पण अशा खोलीत दहापट महागडा बोर्डसुद्धा मी बसवला नसता. वायरमनने तार ओढून दिली, नवा एसएमपीएस आणि यूपीएस आले. दिव्यांच्या बोर्डाचे वाचलेले पैसे तिथे कामी आले.

मग आम्ही दोन दिवस यंत्र चालू ठेवले. एक रात्र नुसती मेमरीची चाचणी, दुसऱ्या दिवशी स्कॅनिंग आणि टायपिंग. आत्या दर दहा मिनिटांनी फाईल जतन करत होती, ती सवय मी मोडू दिली नाही. बायॉसमध्ये गरजेशिवाय हात घालू नये, अद्ययावत करताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो, हे मी आतेभावाला फोनवर बजावले. दिवाळीला तो येतो तेव्हा त्याचे हात शिवशिवतात.

वकिलांकडून बेचाळीस पानांचे नवे काम आले आहे. बिल आणि बोर्डाचा खोका आत्याने पोथ्यांच्या कपाटात ठेवला आहे. दुकानदार बदलून देताना त्यावरचा सिरीयल नंबर बघतात.