तबला, बेस आणि रिकामी बैठक

"सर, तुमचा आवडता बॅन्ड कोणता?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा टीममध्ये नुकताच आलेला बावीस-तेवीसचा पोरगा असतो. माझ्या लॅपटॉपवर आयर्न मेडनचा स्टिकर आहे, त्यामुळे उत्तर त्याने मनात धरलेलंच असतं. मी "इंडियन ओशन" म्हणतो. मग त्याच्या चेहऱ्यावर "अच्छा, ते 'बंदे'वाले!" असा भाव येतो. हो रे बाबा, तेच 'बंदे'वाले. पण तेवढेच नव्हेत, आणि ते 'तेवढेच नव्हेत' चहाच्या एका कपात सांगून होत नाही. म्हणून म्हटलं, शनिवार आहे, पाऊस आहे, लिहूनच काढू.

आधी मेडनचा हिशोब मिटवतो, नाहीतर मित्रमंडळी घरी येऊन मारतील. २००७ साल आमच्या पिढीला लॉटरीच होती. फेब्रुवारीत मुंबईला बीकेसीत रॉजर वॉटर्स, 'डार्क साइड ऑफ द मून' सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि बरोबर महिन्याने, १७ मार्चला, बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन, भारतात पहिल्यांदाच. पुण्याहून रात्रीची बस, सोबत काळे टीशर्ट घातलेली आठ डोकी, आणि मॅनेजरला सांगितलेलं कारण म्हणजे गावाकडचं लग्न. (त्या सीझनला गावाकडे भरपूर लग्नं झाली!) स्टीव्ह हॅरिसने बेस खांद्याला लावून बंदुकीसारखा आमच्यावर रोखला, तेव्हा शेजारचा अनोळखी मुलगा माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला होता. असला अनुभव आयुष्यात एकदा तरी घ्यावाच. पण खरं सांगू का, तिथे गाणं ऐकू येत नाही. गाणं आपल्याला आधीच पाठ असतं, आपण फक्त सही घ्यायला जातो.

इंडियन ओशनचं तसं नाही. त्यांची मैफल ऐकायला जावं लागतं.

ओळख झाली हॉस्टेलच्या लॅनवर. कुणाच्या तरी शेअर्ड फोल्डरमध्ये 'कंदिसा' नावाची फाईल होती. विनॲम्पवर लावली. भाषा कुठली तेच कळेना. संस्कृत म्हणावं तर नाही, मल्याळम म्हणावं तर नाही. रूममेट म्हणाला, अरबी असेल. नंतर कळलं की ती केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्राचीन प्रार्थना, भाषा सिरियाक, म्हणजे ॲरमाइकचीच एक बोली. दिल्लीच्या करोलबागेत तालमी करणारा बॅन्ड, गाणारा बंगाली, गिटारवर सुश्मित सेन, बेसवर राहुल राम, ड्रम्सवर अमित किलम आणि शब्द ॲरमाइक! अल्बम २००० सालचा, गाणी सात. गाणी कसली, सात छोटे प्रवासच म्हणा. एखादं पाच मिनिटांत आटपेल तर शपथ.

त्याच अल्बममधलं 'मा रेवा' माझं सगळ्यांत लाडकं. रेवा म्हणजे नर्मदा. नर्मदा म्हटलं की मराठी घरात आधी परिक्रमा आठवते. जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' ज्या कपाटात नाही असं घर आमच्या वाड्यात शोधूनच काढावं लागलं असतं. या गाण्याची वाट मात्र परिक्रमेची नव्हे. राहुल राम हा माणूस अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएचडी करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेला. खोऱ्यातल्या लोकांच्या तोंडी असलेलं हे नदीचं स्तवन त्याने तिथेच ऐकलं, उचललं आणि बॅन्डमध्ये आणलं. गाण्यात घोषणा नाही, निषेध नाही, नुसतं नदीचं कौतुक. पण कौतुक कोणाच्या तोंडी आहे हे कळल्यावर ते वेगळं ऐकू येऊ लागतं.

ही नदी महाराष्ट्राच्या वाट्याला फार थोडी आलीय. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या बाजूने, जेमतेम पन्नासेक किलोमीटर ती आपली सीमा होऊन वाहते. म्हणजे वाहायची. सरदार सरोवराच्या फुगवट्यात पहिल्यांदा सापडलेल्या गावांतलं मणिबेली तिथलंच. आम्ही पुण्यात हेडफोन लावून माना डोलवत होतो तेव्हा धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने वर चढत होती. २०१७च्या सप्टेंबरात धरणाचं लोकार्पण झालं. मी धरणाच्या बाजूचा की विरुद्ध, हे या पानावर सोडवायचं गणित नाही, कच्छमध्ये पाणी पोचलं तेही खोटं नाही. पण २०१७ नंतर 'मा रेवा' लागलं की मला ते थोडं फोटो अल्बमसारखं वाटतं. ज्या काठावर ते गायलं जायचं, त्यातला कितीतरी काठ आता पाण्याखाली आहे.

असो. आता बाबांबद्दल.

आमचे बाबा बँकेत होते. मंगळवारी बँक सुटली की भजनी मंडळ. तिथे ते तबल्याला. गुरूकडे पाच-सहा वर्षं शिकलेले, नंतर संसारात राहून गेलं, पण हात गोड. त्यांचं संगीताबद्दलचं धोरण एका ओळीत मावतं: सवाईला तीन रात्री, बाकी वर्षभर रेडिओ. माझ्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला ते 'गिरणी' म्हणत. "गिरणी बंद कर, जेवायला चल."

एका रविवारी 'गिरणी'तून तबला ऐकू आला म्हणून ते दारात उभे राहिले. गाणं संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "गातोय कोण? आणि तबल्यावर कोण आहे?"

मी म्हटलं, "एकच आहे, बाबा. अशीम चक्रवर्ती. तोच गातो, तोच वाजवतो."

"रेकॉर्डिंगमध्ये आधी हे, मग ते, असं करत असतील."

"नाही, स्टेजवरही असंच करतो."

बाबांचा विश्वास बसेना. साधा भजनी ठेका धरून अभंग म्हणणं वेगळं, तिथे हात आपोआप चालतो. इथे हात एक बोलतोय, गळा दुसरंच, आणि दोघं समेवर बरोबर भेटतायत. "बघायला पाहिजे," एवढंच म्हणाले.

आणि खरोखर आले की! २००६ची गोष्ट, पुण्यातल्याच एका मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं, त्यात बाबा स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून. मला जाम लाज वाटत होती, पण शेजारच्या मुलीने "अंकल, पुढे या, दिसत नसेल तुम्हाला" म्हणून त्यांना थेट रेलिंगपाशी नेलं. मी मागेच राहिलो.

स्टेजवर सगळे उभे, आणि मधे एका चौथऱ्यावर अशीमदा मांडी घालून बसलेला. समोर तबला, तोंडाशी माइक. रॉक कार्यक्रमात तबला ही फार अवघड जागा असते. गिटारवाल्याच्या पायाशी ट्यूनर असतो, दिवा हिरवा झाला की काम झालं. तबल्याचं कातडं मात्र हवेवर अवलंबून. स्टेजवरच्या दिव्यांनी तापलं की चढतं, रात्रीची ओल लागली की उतरतं, आणि हातोडी घेऊन ठाकठोक करायला दोन गाण्यांच्या मधे जेमतेम मिनिटभर. शिवाय शेजारी ड्रम्स. तबल्याचा माइक उघडा ठेवावा तर त्यात ड्रम्स घुसतात, डग्ग्याचा आवाज वाढवावा तर स्पीकर घुमायला लागतात. म्हणजे या बॅन्डचा तबला नीट ऐकू यायचा असेल तर ड्रमरने हात राखून वाजवायला हवा. अमित किलम ते करतो. ड्रमरचं कौतुक करताना लोक त्याने काय वाजवलं ते सांगतात. मला या माणसाने काय काय वाजवलं नाही, त्याचं जास्त कौतुक आहे.

परतताना स्कूटरवर मागे बसून बाबा माझ्या पाठीवर ताल धरत होते. सिग्नलला म्हणाले, "त्याला सांग, खांदा फार उचलतो. दुखेल पुढे." जसा काही मी अशीमदाला रोज भेटतो! :)

२५ डिसेंबर २००९ला अशीम चक्रवर्ती गेला. हृदयविकार, वय ५२. मी तेव्हा क्लायंटकडे न्यू जर्सीत होतो, बाहेर गुडघाभर बर्फ, ऑफिसला सुट्टी. बातमी रूममेटने मेल करून कळवली, तोच तो लॅनवाला. विषयाच्या जागी नुसतं 'अशीमदा', आत काहीच लिहिलेलं नाही. मी घरी फोन केला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आता त्या जागेवर कोण बसणार?"

त्या वेळी हा प्रश्न मला कोरडा वाटला, रागही आला. माणूस गेलाय आणि यांना जागेचं पडलंय.

पुढच्या वर्षी बॅन्डने एक विलक्षण गोष्ट केली. नवा अल्बम होता '१६/३३० खजूर रोड', म्हणजे ते ज्या जुन्या बंगल्यात वर्षानुवर्षं तालीम करायचे त्याचा पत्ता. जुलै २०१०पासून दर महिन्याला त्यातलं एक गाणं त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवलं. अशीमदाचा आवाज आधीच रेकॉर्ड झालेला होता. त्यामुळे गेलेल्या माणसाचा ताजा आवाज महिन्यातून एकदा यायचा, सात महिने. पहिलं आलं 'चांद'. डाउनलोडची पट्टी सरकताना बघत बसायचो आणि ऐकायला मात्र धजायचो नाही, कारण ऐकलं की एक कमी होणार.

मग नवी माणसं आली. गाण्याला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. हे मला फार सूचक वाटतं: एका माणसाच्या जागी दोन लागले. कोडिंगवाल्या मित्रांना सांगायचं तर, एकच माणूस सांभाळत असलेलं मॉड्यूल तो गेल्यावर फोडून दोघांत वाटावं लागलं. २०१२मध्ये त्यांना पहिल्यांदा नव्या रूपात ऐकलं, तेव्हा माझ्या आजूबाजूचे सगळे जुने चाहते हाताची घडी घालून उभे. "चांगलं आहे, पण..." ते 'पण' माझ्याही तोंडात होतं. हिमांशूचा गळा वेगळ्याच मातीचा, मोकळा, पहाडी. 'मा रेवा' सुरू झालं आणि मी नकळत त्या मधल्या चौथऱ्याकडे बघितलं. तिथे तुहीन बसला होता, खाली मान घालून, मन लावून वाजवत.

घरी येऊन बाबांसमोर कुरकुर केली. त्यांच्या उजव्या हाताला तोवर कंप सुरू झाला होता, निदान वर्षभरापूर्वीच झालेलं. मंडळात जायचे, पण टाळ घेऊन बसायचे. ते म्हणाले, "आमच्या मंडळात पेटीला चार जणं झाली माझ्यादेखत. पहिले गेले त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसरे बसले. वाईट वाजवायचे, सुरुवातीला. पण मंगळवार चुकवला नाही."

"पण बाबा, मंडळ वेगळं, बॅन्ड वेगळा. बॅन्ड म्हणजे ती चार माणसंच."

"मग माझ्या तबल्यावर आता जोशांचा नातू बसतो, ते तुझ्या मते आमचं मंडळ नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. बीटल्समध्ये दुसरा कोणी बसवून चालला असता का? नाही. पण पंढरीची दिंडी माणसं बदलली म्हणून थांबते का? तीही नाही. हा बॅन्ड या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. २०१३मध्ये सुश्मित सेन बाहेर पडला, तेव्हा मला खरं तर अशीमदाच्या वेळेपेक्षाही जास्त चुकल्यासारखं झालं, कारण तो जिवंत होता आणि नव्हता. त्याच्या जागी आला निखिल राव. सुश्मितची गिटार बरेचदा सतारीच्या वळणाने जायची, निखिलचं वळण वेगळं, आणि त्याने सुश्मितची नक्कल करायचा आव आणला नाही हे मला आवडलं. नक्कल केली असती तर मी तिकीट काढणं बंद केलं असतं.

२०२३मध्ये त्यांचा 'तू है' आला. मी बाबांना ऐकवला. आता त्यांना फार वेळ बसवत नाही, बोलणंही अडखळतं. डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोप लागली. हात पांघरुणावर थरथरत होता, नेहमीसारखाच. दुसऱ्या गाण्याच्या मधे तबला एकटा थोडा पुढे आला, तेव्हा डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "हा तोच का रे, मागच्या वेळचा?"

"हो बाबा, तुहीन."

"खांदा खाली ठेवतो का?"

मी यूट्यूबवर त्यांच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला आणि फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.