सकार, शकार आणि एक डबा

दुसऱ्याच्या उच्चारांतील दोष काढणें हाच ज्यांचा जन्माचा व्यवसाय झाला, त्यांची ती संवय निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. आम्ही त्यांपैकींच एक. शाळा सुटली तरी घरांत नातवंडें आहेत, आणि मांडव्यासारख्या गांवीं दिवेलागणीस पडवींतील झोपाळ्यावर बसून त्यांच्याकडून स्तोत्रें म्हणवून घेण्यास वेळहि पुष्कळ मिळतो. अशा आम्हांस एका अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यानें धडा शिकविला, तो वाचकांस सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा थोरला नातू मुंबईस अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट सुरू झाल्यापासून घरीं येणें सोपें झालें असल्यामुळें तो शनिवारीं येतो, आणि त्याच्याबरोबर त्याची गिटारहि येते. आमच्या माजघरांत तिचा आवाज फार घुमे. त्यावर उपाय म्हणून त्यानें 'ईक्वलायझर' नांवाचें यंत्र घरींच करावयाचें ठरविलें. वाजविणारा तें पायाशीं ठेवून पायानें चालूबंद करतो, म्हणून त्यास पेडल म्हणतात.

"हें करतें तरी काय?" आम्हीं विचारलें.

"आजोबा, आवाजांतला जाड, मधला आणि बारीक भाग निरनिराळा कमीजास्त करतां येतो."

आम्हांस ही कल्पना अगदींच परकी वाटली नाहीं. तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत नादाचीं मंद्र, मध्य व तार अशीं तीन स्थानें सांगून तीं अनुक्रमें हृदय, कंठ व मूर्धा यांच्या ठायीं मानिलीं आहेत. या मुलानें जणूं त्या तिन्ही स्थानांस एकेक खुंटी बसविली!

लॅमिंग्टन रस्त्यावरून आणलेलें सारें सामान ओंजळींत मावेल एवढें होतें: टीएल ०७२ या नांवाचा आठ पायांचा एक काळा तुकडा, कांहीं रोध, कांहीं कपॅसिटर, तीन फिरत्या खुंट्या आणि ९ व्होल्टची बॅटरी. जाड व बारीक आवाजांच्या खुंट्यांची योजना मूळची पीटर बॅक्संडॉल या इंग्रज अभियंत्याची. त्यानें ती १९५२ सालीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत प्रसिद्ध केली. डबा मात्र आमच्या सौभाग्यवतींच्या फडताळांतला. तो धातूचाच हवा. कारण तो नीट जोडला म्हणजे घरांतील विजेची गुणगुण आंत शिरत नाहीं. येथील खाऱ्या हवेनें तांब्यावर हिरवी कळा चढते, म्हणून डाख देण्यापूर्वीं प्रत्येक तार घांसून घेण्याचें काम आमच्याकडे आलें.

हिशेबहि आम्हीच केला. कपॅसिटर मंद आंदोलनांस अडवितो व शीघ्र आंदोलनांस वाट देतो. १० हजार ओहमचा रोध आणि ०·०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर ही सीमा सेकंदास सुमारें १,६०० आंदोलनांवर पडते. कपॅसिटर ०·००४७ चा घेतला, तर ती ३,४०० च्या आसपास जाते. गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ८२ वेळां कांपते आणि सर्वांत बारीक तार सुमारें ३३० वेळां. परंतु आवाजाची धार तिच्या पुष्कळ वर असणाऱ्या उपस्वरांत असते.

नातवानें कपॅसिटर बदलला, बारीक आवाजाची खुंटी पुरी फिरविली आणि तार छेडली. "आतां फार टोंचतें ना?"

आम्हांस फरक जाणवला नाहीं. बॅटरी उतरली असेल, असें आम्ही म्हणालों. तों शेजारीं बसलेल्या नऊ वर्षांच्या नातीनें दोन्ही कान घट्ट झांकून घेतले! नातू क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. बोलला कांहींच नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्षभर आम्ही या मुलीस सकार व शकार यांवरून बोलत होतों. 'सकल' म्हणजे अवघें आणि 'शकल' म्हणजे तुकडा. उच्चार चुकला कीं अर्थ बुडाला, हें तिला कितीदां बजावलें असेल! ती 'सकल' म्हणे, आम्हांस 'शकल' ऐकूं येई. दोन महिन्यांपासून तिनें आमच्यापुढें बसणेंच सोडलें होतें, आणि हल्लींच्या मुलांस चिकाटी नाहीं असें आम्ही घरभर सांगत होतों.

नातवाच्या फोनमध्यें तिनें म्हटलेलें एक स्तोत्र होतें. त्यानें तें डब्यांतून ऐकविलें. खुंटी मध्यावर होती तोंवर आमचें तेंच गाऱ्हाणें. मग त्यानें ती हळूहळू उजवीकडे फिरविली, आणि सकार सकाराच्या जागीं, शकार शकाराच्या जागीं स्वच्छ ऐकूं आले. एकहि अक्षर चुकलेलें नव्हतें.

पुढें अलिबागेस श्रवणपरीक्षा करविली. आलेखाची रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे उतारास लागली होती. वयपरत्वें बारीक ध्वनि आधीं जातात, आणि सकारादि ऊष्मवर्णांचें बळ त्यांतच असतें. आतां आमच्या कानांत जें यंत्र आहे, तें तरी काय? जेथें जेवढें उणें, तेथें तेवढें भरून काढणारा एक इवलासा ईक्वलायझरच तो!

त्या रात्रीं पंगतींत सर्वांदेखत आम्हीं नातीस सांगितलें, "चूक आमच्या कानाची होती. तुझे उच्चार पहिल्यापासून शुद्ध होते."

ती थोडा वेळ भात कालवीत राहिली. मग म्हणाली, "उद्यां म्हणूं?"

ती म्हणूं लागली हें आमचें भाग्य. परंतु नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तोंडी परीक्षेंत ज्या मुलांचे गुण आम्हीं याच दोषासाठीं कापले, त्यांच्यापैकीं कितीजण निर्दोष असतील? तो हिशेब आतां कोणत्याहि खुंटीनें सुधारत नाहीं. असो. घरांतील सारीं माणसें पुटपुटतात अशी ज्या वडीलधाऱ्यांची तक्रार असेल, त्यांनीं त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं एकदां आपले कान तपासून घ्यावे, एवढीच आमची विनंति आहे.